संवर्धनाधिकार : खाजगी जंगलांच्या रक्षणाची एक विधिरचना

१. प्रश्नाचे स्वरूप

जंगलाच्या रक्षणाचा विचार करताना सामान्यतः दोन मार्ग डोळ्यांपुढे येतात. शासनाने कायदा करून वृक्षतोडीस बंदी घालावी, हा पहिला. आणि शासनाने अथवा एखाद्या संस्थेने जंगलाची जमीनच संपादन करावी, हा दुसरा. पहिल्या मार्गात मालकी कायम राहते, पण मालकाच्या इच्छेविरुद्ध आकुंचित होते. दुसऱ्यात ती समूळ बदलते. जंगल जेथे मुख्यतः सरकारी आहे तेथे या दोहोंवर भागू शकते. परंतु जेथे जंगलाचा मोठा हिस्सा व्यक्तींच्या, कुटुंबांच्या व कंपन्यांच्या हाती आहे, तेथे हे दोन्ही मार्ग अपुरे पडतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची स्थिती अशीच आहे. त्या देशातील निम्म्याहून अधिक जंगल खाजगी मालकीचे आहे. ईशान्येकडील मेन या राज्याचा तर सुमारे नऊ-दशांश भूभाग जंगलाने व्यापलेला असून तेथे खाजगी मालकीचे प्रमाण याहूनही बरेच अधिक आहे.

या परिस्थितीतून जो तिसरा मार्ग पुढे आला त्यास इंग्रजीत 'कॉन्झर्व्हेशन ईझमेंट' असे म्हणतात. जमीन मालकाकडेच राहते. तो ती विकू शकतो, मुलांना देऊ शकतो, बहुधा तीवरील लाकूडही तोडू शकतो. मात्र त्या जमिनीचे तुकडे पाडून घरे बांधण्याचा किंवा तत्सम उपयोगाचा अधिकार तो कायमचा सोडून देतो. हे 'कायमचे' सोडणे कायद्याच्या दृष्टीने कसे शक्य होते, जमीन सरळ विकत घेण्याहून त्याचे गुणदोष कोणते, आणि 'कायमचे' या शब्दाचा भार प्रत्यक्षात कोण वाहतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२. संज्ञेचा विचार

'ईझमेंट' हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ सोय, सुख असा. मराठी विधिभाषेतील 'सुविधाधिकार' हा प्रतिशब्द या मूळ अर्थाशी प्रामाणिक आहे. व्यवहारात मात्र गावोगावी व कोर्टकचेरीत 'वहिवाटीचा हक्क' हाच शब्द रूढ आहे. शेजाऱ्याच्या शेतातून बैलगाडी नेण्याचा किंवा पाटाचे पाणी नेण्याचा हक्क ही त्याची परिचित उदाहरणे होत. या सर्व उदाहरणांत हक्कदार दुसऱ्याच्या जमिनीवर काहीतरी करतो. तथापि याच हक्काचा दुसरा प्रकार असा आहे, की त्यात हक्कदार काहीही करीत नाही. तो दुसऱ्याला काही करू देत नाही. शेजाऱ्याने भिंत उंच करून खिडकीचा उजेड अडवू नये, हा हक्क त्या जातीचा. 'वहिवाट' या शब्दात वापर गृहीत असल्यामुळे हा निषेधात्मक प्रकार त्यात नीट बसत नाही.

कॉन्झर्व्हेशन ईझमेंट हे या दुसऱ्या प्रकाराचे अपत्य आहे. ते धारण करणाऱ्या संस्थेस जंगलात कसलीही सोय मिळत नाही. तिला मिळतो तो प्रतिबंधाचा अधिकार. म्हणून 'सुविधा' हा घटक येथे दिशाभूल करतो. 'निर्बंध' हा शब्दही पुरेसा नाही. मालकाने काय गमावले एवढेच तो सांगतो. जे गमावले ते कोणाच्या हाती गेले, हे सांगत नाही. वस्तुतः या रचनेचे मर्म त्या दुसऱ्या हातातच आहे. यास्तव या लेखात 'संवर्धनाधिकार' ही संज्ञा योजली आहे.

३. स्वामित्वाचे विभाजन

स्वामित्व ही एकसंध वस्तू नसून अनेक अधिकारांची मोळी आहे, असे अमेरिकन विधिशिक्षणात सांगण्याची प्रथा आहे. जमिनीवर राहणे, पीक काढणे, लाकूड तोडणे, इतरांना मज्जाव करणे, जमीन गहाण ठेवणे, विकणे, वारसांना देणे, तिचे भाग पाडणे, तीवर बांधकाम करणे या त्या मोळीतील वेगवेगळ्या काटक्या. यांपैकी शेवटच्या एकदोन काटक्या बाजूस काढून दुसऱ्याच्या हवाली करणे म्हणजे संवर्धनाधिकाराचा दस्त करणे. घेणारी संस्था मात्र स्वतः त्या काटक्या वापरू शकत नाही. तिला त्या जमिनीवर घर बांधता येत नाही; इतर कोणी बांधू लागल्यास ते थांबविता येते. दस्त नोंदला जातो आणि त्यापुढील प्रत्येक खरेदीदारास तो बांधून घेतो.

त्याची किंमतही याच विभाजनावरून ठरते. समजा, एखादे जंगल बांधकामाच्या शक्यतेसह १० लाख डॉलरना विकले जाईल आणि ती शक्यता नष्ट झाल्यावर ६ लाखांना. मधला ४ लाखांचा फरक ही संवर्धनाधिकाराची किंमत. मालकाने तो विकला तर एवढी रक्कम त्याला मिळावी. दान केला तर एवढे दान त्याने केले असे मानले जाते.

ही कल्पना दिसते तितकी सहज कायद्यात शिरली नाही. इंग्लंडच्या परंपरागत न्यायात अशा हक्कासाठी दोन जमिनी लागत : एक भार सोसणारी आणि दुसरी, सामान्यतः शेजारची, त्या भाराचा लाभ घेणारी. शिवाय निषेधात्मक हक्कांचे मान्य प्रकार उजेड, हवा, इमारतीचा आधार असे मोजकेच होते. १८४८ मध्ये लंडनच्या लेस्टर चौकातील बागेसंबंधीच्या प्रसिद्ध खटल्यात चान्सरी न्यायालयाने असे ठरविले, की बाग मोकळी ठेवण्याचा करार माहीत असूनही जो ती विकत घेतो, त्यास तो करार मोडता येत नाही. मोकळ्या जागेच्या रक्षणाचे बंधन जमिनीबरोबर पुढे जाऊ शकते, हे तत्त्व येथे मान्य झाले. परंतु पुढील निर्णयांनी येथेही लाभ घेणाऱ्या शेजारच्या जमिनीची अट घातली. शेकडो मैल दूर कचेरी असलेल्या संस्थेस, जिची शेजारी एक वीतभरही जमीन नाही, असा हक्क कायमचा धारण करता येईल की नाही, ही शंका त्यामुळे शिल्लकच राहिली.

अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात ब्लू रिज पार्कवे या निसर्गरम्य मार्गालगतच्या जमिनींवर राष्ट्रीय उद्यानसेवेने असे हक्क मिळविले होते. १९५९ मध्ये विल्यम व्हाइट या लेखकाने शहरांभोवतीच्या मोकळ्या जागांवरील आपल्या अहवालात 'कॉन्झर्व्हेशन ईझमेंट' हा शब्दप्रयोग प्रचारात आणला. त्यानंतर अनेक राज्यांनी स्वतंत्र कायदे केले आणि १९८१ मध्ये सर्व राज्यांना नमुना म्हणून एक समान संवर्धनाधिकार कायदा सिद्ध झाला. त्याचे एक कलम मोठे लक्षणीय आहे. अधिकार शेजारच्या जमिनीशी निगडित नाही, तो दुसऱ्या संस्थेकडे सोपविता येतो, परंपरागत न्यायात अशा प्रकारास मान्यता नव्हती, तो निषेधात्मक आहे, अशा जुन्या आक्षेपांची यादी देऊन ते कलम म्हणते, की यांपैकी कोणत्याही कारणाने संवर्धनाधिकार अवैध ठरणार नाही. शतकानुशतकांचे अडथळे एका यादीत गोळा करून दूर सारण्याचे असे उदाहरण विरळाच म्हटले पाहिजे.

४. सरळ खरेदीचा मार्ग

खरेदीच्या मार्गाचे सर्वांत उद्बोधक उदाहरण मेनमधलेच आहे. पर्सिव्हल बॅक्स्टर हे १९२१ ते १९२५ या काळात त्या राज्याचे गव्हर्नर होते. कटाडिन हे राज्यातील सर्वोच्च शिखर व त्याभोवतीचे जंगल राज्याने विकत घ्यावे, हा त्यांचा प्रस्ताव विधिमंडळाने मानला नाही. तेव्हा पदावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या पैशाने ते काम हाती घेतले. १९३० मध्ये त्यांनी शिखरासह सुमारे ६,००० एकर जमीन एका कागद कंपनीकडून मिळविली. पुढे १९६२ पर्यंत तुकड्यातुकड्याने खरेदी करीत त्यांनी सुमारे २ लाख एकर जमीन राज्यास दिली. प्रत्येक दानपत्रात राज्य हे मालक म्हणून नव्हे तर विश्वस्त म्हणून नेमले होते आणि भूमी तिच्या नैसर्गिक रानटी स्थितीत सदैव राखावी अशी अट होती. वायव्येकडील एका भागात मात्र शास्त्रीय पद्धतीने लाकूड काढण्यास त्यांनी मुद्दाम मोकळीक ठेवली. संपूर्ण मालकी हाती असल्यामुळेच कोठे काय चालावे हे ठरविण्याचे असे स्वातंत्र्य त्यांना लाभले.

खरेदीचा हा गुण स्पष्ट आहे. तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पहिली मर्यादा पैशाची. २ लाख एकर गोळा करण्यास एका श्रीमंत व चिकाटीच्या माणसाची तीन दशके लागली. दुसरी मर्यादा लोकमानसाची. कटाडिनच्या पूर्वेकडील सुमारे ८७,५०० एकर जमीन एका उद्योजिकेच्या प्रतिष्ठानाने विकत घेऊन राष्ट्रास देऊ केली, तेव्हा कागद गिरण्यांवर पोट असलेल्या आसपासच्या गावांतून तीव्र विरोध झाला. लाकडाचे काम, शिकार, हिवाळ्यातील हिमगाड्यांचे मार्ग या पिढीजात उपयोगांचे काय होणार, हा त्या विरोधाचा गाभा होता. राष्ट्रीय उद्यानास काँग्रेसची संमती मिळण्याची चिन्हे नव्हती. अखेर ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी १९०६ च्या पुरावस्तू कायद्याच्या आधारे त्या भूमीस राष्ट्रीय स्मारक घोषित केले. खरेदीने जमीन सुटते, पण तीवर जगणाऱ्यांशी असलेला प्रश्न सुटतोच असे नाही.

५. मेनच्या जंगलातील प्रयोग

१९८८ मध्ये डायमंड इंटरनॅशनल या कंपनीच्या न्यूयॉर्क, व्हर्मांट, न्यू हॅम्पशर व मेन या राज्यांतील सुमारे १० लाख एकर जमिनी विक्रीस निघाल्या. तोवर ही जंगले कागद कंपन्यांच्या हाती पिढ्यानपिढ्या स्थिर राहतील असे सर्वांनी गृहीत धरले होते. तलावकाठच्या जमिनीला बंगल्यांच्या बाजारात जी किंमत येते ती लाकडाच्या किमतीच्या कितीतरी पट असते, हे आता उघड झाले. या धक्क्यातून १९९० च्या शेतीकायद्यात 'फॉरेस्ट लेगसी' ही योजना आली. खाजगी जंगलावरील संवर्धनाधिकार, अथवा क्वचित जमीनच, विकत घेण्यासाठी संघराज्य तीत खर्चाच्या पाऊण हिश्श्यापर्यंत साहाय्य देते.

या मार्गाचे सामर्थ्य २००१ मध्ये दिसून आले. १८४१ पासून मेनमध्ये जंगले बाळगून असलेल्या पिंग्री घराण्याच्या जमिनींपैकी ७,६२,१९२ एकरांवरील, म्हणजे सुमारे ३,०८० चौरस किलोमीटरवरील, विकासाचे अधिकार न्यू इंग्लंड फॉरेस्ट्री फाउंडेशन या संस्थेने सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरना घेतले. एकरी खर्च ३७ डॉलरच्या आसपास आला. बॅक्स्टर यांनी तीस वर्षांत जे क्षेत्र राखले त्याच्या पावणेचार पटीहून अधिक क्षेत्र एका दस्ताने बांधले गेले. टीकाकारांनी मात्र तेव्हाच निदर्शनास आणले, की या दस्ताने घरे व तुकडेपाडणी थांबते. लाकूड किती व कसे तोडावे यावर त्याचा अंकुश सैल आहे आणि लोकांना जंगलात फिरण्याचा हक्कही त्यातून मिळत नाही. ही टीका रास्त होती. एकरी ३७ डॉलरमध्ये मोळीतील एकच काटकी विकत घेतली गेली होती, आणि तिचा उपयोग तेवढाच व्हावयाचा.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. २००२ मध्ये ग्रेट नॉर्दर्न पेपर ही मेनमधील जुनी कंपनी कर्जाने वाकली होती. नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेने तिचे ५ कोटी डॉलरचे कर्ज स्वतःकडे घेतले, त्याचा काही भाग माफ केला आणि उरलेल्याची सवलतीने नवी बांधणी केली. मोबदला म्हणून कंपनीने कटाडिनच्या परिसरातील ४१,००० एकर जमीन पूर्ण मालकीने दिली आणि २ लाख एकरांवर संवर्धनाधिकार लिहून दिला. जेथे लाकडाचे काम चालू राहावयाचे तेथे अधिकार, आणि जेथे जंगल अस्पर्श ठेवावयाचे तेथे मालकी, अशी विभागणी एकाच व्यवहारात झाली. अवघ्या काही महिन्यांत, जानेवारी २००३ मध्ये, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. जमिनीचा मालक बदलला. बंधन बदलले नाही. कंपनीशी केवळ करार केला असता, तर तो कंपनीबरोबरच बुडाला असता.

मूसहेड सरोवराच्या प्रदेशात हीच गोष्ट निराळ्या रीतीने घडली. तेथे प्लम क्रीक या कंपनीने ९७५ घरे व दोन विहारस्थळे बांधण्याची परवानगी मागितली होती. दीर्घ वादानंतर ती मिळाली, पण सुमारे ३,६३,००० एकरांवर संवर्धनाधिकार देण्याच्या अटीवर. २०१२ मध्ये तो दस्त झाला. पुढे ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, घरांची योजना प्रत्यक्षात उतरली नाही आणि २०२० मध्ये ती रद्दही झाली. संवर्धनाधिकार मात्र आजही कायम आहे.

६. कर, मूल्यांकन आणि दुरुपयोग

अधिकार विकत घेण्यास पैसा हवा. परंतु बहुसंख्य संवर्धनाधिकार विकत घेतले जात नाहीत, दान मिळतात. या दानामागे करसवलतीची प्रेरणा मोठी आहे. १९६४ मध्ये संघीय करखात्याने अशा दानाची वजावट प्रथम मान्य केली. १९७६ च्या करकायद्याने तिला स्पष्ट आधार दिला आणि १९८० मध्ये ती स्थायी झाली. याच काळात जमिनी व हक्क राखणाऱ्या स्थानिक विश्वस्त संस्थांची, ज्यांना तेथे 'लँड ट्रस्ट' म्हणतात, संख्या झपाट्याने वाढली. आज त्या देशात अशा हजाराहून अधिक संस्था आहेत.

परंतु सवलत मूल्यांकनावर अवलंबून असते आणि मूल्यांकन हे न घडलेल्या गोष्टीचे असते. येथे घरे उभी राहिली असती तर काय किंमत आली असती, या अनुमानावर सारा हिशेब चालतो. काही दलालांनी याचा धंदा केला. स्वस्त जमीन विकत घ्यावयाची, गुंतवणूकदारांची भागीदारी उभारावयाची, थोड्याच दिवसांत जमिनीचे मूल्य अनेक पटींनी फुगवून संवर्धनाधिकार दान करावयाचा आणि वजावट वाटून घ्यावयाची, अशी ती रीत होती. २०१७ पासून करखात्याने अशा व्यवहारांवर विशेष लक्ष ठेवले आणि डिसेंबर २०२२ मधील कायद्याने, काही अपवाद सोडून, भागीदारांच्या मूळ गुंतवणुकीच्या अडीच पटींहून अधिक वजावट नाकारली. या प्रकारात हानी दुहेरी होती : सार्वजनिक पैसा गेला, आणि प्रामाणिक दात्यांच्या दानाकडेही लोक संशयाने पाहू लागले.

७. शब्द आणि पहारा

संवर्धनाधिकाराचे सारे अस्तित्व एका लेखात असते. जंगल झाडांचे असले तरी त्याचे रक्षण वाक्यांनी होते. म्हणून वाक्यांच्या अर्थाचा प्रश्न येथे केवळ पंडिती राहत नाही. नॉर्थ कॅरोलायनातील एका मैदानावर दिलेल्या संवर्धनाधिकारात अशी सोय होती, की पुढे गरज पडल्यास संरक्षित भूमीऐवजी शेजारची दुसरी भूमी बदलून देता येईल. सुमारे १ कोटी ५ लाख डॉलरची वजावट त्यावर मागितली होती. २०१४ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ती नाकारली. त्याच्या युक्तिवादाचा आधार करकायद्यातील एक निश्चित उपपद होते. कायद्यात 'ती विशिष्ट भूमी' अशा अर्थाचे उपपद आहे, 'कोणतीही एखादी भूमी' असे नाही. तेव्हा जे बंधन एका भूमीवरून दुसरीवर उचलून ठेवता येते, ते त्या भूमीवरचे कायमचे बंधन नव्हे, असा तो युक्तिवाद होता. २०१७ मध्ये टेक्सासमधील जमिनीसंबंधी दुसऱ्या अपील न्यायालयाने घरांच्या ठिकाणांच्या सीमा किंचित बदलण्याची तरतूद मात्र चालवून घेतली. दोन न्यायालयांमधील हे अंतर एका तीन अक्षरी शब्दाच्या अर्थव्याप्तीचे आहे.

व्हर्जिनियातील २०१६ चा निर्णय वेगळा धडा देतो. तेथील दस्तात 'शेतीच्या इमारती'स मुभा होती. नव्या मालकाने चीज, पाव व मद्य यांच्या निर्मितीची व विक्रीची मोठी इमारत उभारली. ही शेतीची इमारत होय की नव्हे? शब्द संदिग्ध असल्यास अर्थ जमिनीच्या मुक्त वापराच्या बाजूने लावावा, या जुन्या नियमाने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल मालकाच्या बाजूने दिला. ज्या परंपरागत न्यायाचे अडथळे कायद्याने दूर केले, त्याच न्यायाची अर्थनिर्णयाची सवय अशी मागच्या दाराने परत आली.

'कायमचे' हा शब्द लिहिणे सोपे आहे. महाराष्ट्रातील शिलाहार-यादवकालीन दानलेखांच्या अभ्यासकांना 'आचंद्रार्क' हा शब्द परिचित आहे. चंद्रसूर्य असेपर्यंत दान चालावे अशी त्यात प्रतिज्ञा असते. परंतु ते लेख लिहिणारे केवळ प्रतिज्ञेवर विसंबले नाहीत. दान मोडणाऱ्यास शाप देणारे वचन त्यांनी कोरले, आणि ज्यास लिहिता-वाचता येत नाही त्यासाठी गधेगाळाचे चित्रही खोदले. काळाची प्रतिज्ञा आणि ती मोडणाऱ्यावरचा धाक हे दोन घटक त्यांनी एकाच शिळेवर ठेवले. संवर्धनाधिकारात शापाची जागा पहाऱ्याने घेतली आहे. धारक संस्थेने जंगलात जाऊन पाहणी करावी, मालकाशी संबंध राखावेत, उल्लंघन दिसताच दाद मागावी आणि या खर्चासाठी निधी बाजूला ठेवावा, अशी अपेक्षा असते. मेन राज्याने २००७ मध्ये कायदा सुधारून धारकाने किमान तीन वर्षांतून एकदा पाहणी केलीच पाहिजे असा दंडक घातला. राज्यात संवर्धनाधिकारांची नोंदवही ठेवली, आणि ज्या बदलाने रक्षणास बाध येईल असा बदल न्यायालयाच्या संमतीशिवाय करू नये असेही ठरविले. जेथे असा पहारा नाही, तेथे पहिला मालक वचन पाळतो, दुसरा ते विसरतो आणि तिसऱ्यास ते ठाऊकच नसते.

८. भारतीय कायद्याच्या संदर्भात

ही रचना महाराष्ट्रात आणता येईल काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ चा. मुंबई इलाख्यास तो १८९१ मध्ये लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमातील व्याख्येत दुसऱ्याच्या जमिनीवर काही करण्याबरोबरच काही होऊ न देण्याचा हक्कही समाविष्ट आहे. परंतु तो हक्क एखाद्या जमिनीच्या मालकास किंवा भोगवटादारास, त्या नात्याने व त्या जमिनीच्या हितकर उपभोगासाठीच, असू शकतो. संपत्ती हस्तांतरण अधिनियमाचे, तेही १८८२ चेच, चाळिसावे कलम निषेधात्मक कराराचे बंधन खरेदीदारापर्यंत पोचविते. पण तेथेही हक्कदाराच्या स्वतःच्या स्थावर मिळकतीचा हितकर उपभोग ही अट आहे. अमेरिकेने १९८१ च्या यादीने जो अडथळा दूर केला, तो येथे संहितेतच शब्दबद्ध आहे. शेजारी जमीन नसलेल्या संस्थेस कायमचा संवर्धनाधिकार धारण करावयाचा झाल्यास विधिमंडळानेच काही केले पाहिजे.

खरेदीच्या मार्गातही अडचण आहे. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्याचे त्रेसष्टावे कलम शेतजमीन बिगर-शेतकऱ्यास विकण्यावर, परवानगीचा अपवाद सोडून, बंदी घालते. उरतो तो सक्तीचा मार्ग. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ अन्वये ३० ऑगस्ट १९७५ रोजी खाजगी वने, कायद्यातील अपवाद वगळून, राज्याकडे निहित झाली. त्यातून निर्माण झालेले वाद दशके चालले. अनेक वर्षांपूर्वी निघालेल्या, पण पुढे कधीच तडीस न नेलेल्या नोटिसांच्या आधारे जमीन 'खाजगी वन' ठरविता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयास २०१४ मध्ये सांगावे लागले. सक्तीच्या मार्गातही शेवटी वाद शब्दार्थावर आणि जुन्या कागदांच्या जिवंतपणावर आला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कोकणात व सह्याद्रीच्या उतारांवर आजही पुष्कळ जंगल खाजगी मालकीचे आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने उत्तर सह्याद्रीतील काही मालकांशी संवर्धनाचे करार केले आहेत. मालकाच्या संमतीने जंगल राखण्याचा हा मार्ग स्तुत्य होय. तथापि करार व्यक्तीला बांधतो, जमिनीला नाही. मुदत संपली किंवा जमीन विकली गेली की प्रश्न पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. ग्रेट नॉर्दर्न कंपनीच्या उदाहरणाने दाखविलेला फरक तो हाच.

उद्या असा कायदा झालाच, तर त्याचे दस्त मराठीत लिहावे लागतील. मराठीत निश्चित उपपद नाही. त्याचे काम आपल्या दस्तांत 'सदरहू मिळकत' हा शब्दप्रयोग आणि चतुःसीमेचा तपशील मिळून करतात, आणि ते काम अचूक होते. 'कायमचे' यासाठीही परंपरेने शब्द पुरविले आहेत. सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' या रकान्यात अशा बंधनाची नोंद होऊ लागली, तर गावच्या तलाठ्यापासून खरेदीदारापर्यंत सर्वांना ते डोळ्यांनी दिसेल. भाषा आणि नोंद यांची सामग्री अशी बरीचशी सिद्ध आहे. तिसरी गोष्ट, म्हणजे दर तीन वर्षांनी चतुःसीमेवरून फिरून येणारा आणि त्या फिरण्याचा खर्च पिढ्यानपिढ्या सोसणारा धारक, कोणत्याही शब्दाने निर्माण होत नाही. संवर्धनाधिकाराचा कायदा करण्यापूर्वी अशा धारकाची तजवीज कशी करावयाची, याचा विचार आधी झाला पाहिजे.